गादीला पैकीच्या पैकी, हिशेबाला लाल शाई: भाड्याच्या कुस्ती पॅकेजचा अनुभव

घाटावरच्या एका एजन्सीकडून आम्ही आंतरमहाविद्यालयीन कुस्ती स्पर्धेसाठी अख्खं पॅकेज भाड्याने घेतलं. गादी, दोन डिजिटल स्कोअरबोर्ड, टेबलावरचे टॅबलेट, रिप्लेचा कॅमेरा, हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर आणि सोबत तीन पोरं. एजन्सीचं नाव लिहीत नाही. तक्रार त्यांना लेखी दिली आहे आणि माणसं कामाची आहेत. पण २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हापासून आमच्या डिचोली-सत्तरी भागात गादीवरच्या कुस्तीची हौस वाढलेली दिसते. "सर, तें मशीनवालें खंयच्यान हाडलें?" (ते मशीनवालं कुठून आणलं?) असं विचारणारे फोन मला येतात. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो.

मी पैलवान नाही. अकाउंटन्सी शिकवतो. मामाचं गाव बेळगावजवळ, त्यामुळे लहानपणी मैदानं भरपूर बघितली, बाकी शरीरयष्टी कारकुनाचीच. कॉलेजात जिथे आकड्यांचं टेबल असतं तिथे मला बसवतात. म्हणून हा अभिप्राय टेबलावरून बघितलेल्या स्पर्धेचा आहे. गादीवरून काय वाटलं ते आमच्या क्रीडाशिक्षकांना विचारा. ते जास्त चिडलेले आहेत.

आधी गादी. १२ बाय १२ मीटरची, २ बाय १ चे ७२ तुकडे, वरून व्हिनाइलचं एकसंध कव्हर. चोर्ला घाटातून ट्रक रात्री उतरला आणि सकाळी पोरांनी चहा प्यायच्या आत निम्मी गादी जोडलीसुद्धा. मधलं वर्तुळ ९ मीटरचं, त्याच्या आतल्या कडेला १ मीटरचा पट्टा, बाहेर दीड मीटरची संरक्षक जागा. सगळं मोजून बघितलं, बरोबर आहे. सांध्यांत बोट जात नव्हतं. चवथ होऊन गेलेली, पाऊस सुरूच, हॉलमध्ये दमट हवा. अशा हवेत व्हिनाइलवर घामाचा थर राहतो आणि पाय सटकतो. हे ओळखून त्यांनी दर तीन-चार कुस्त्यांनंतर आपणहून जंतुनाशक मारून गादी पुसली. कोणी सांगावं लागलं नाही. बूट घालून गादीवर फोटो काढायला आलेल्या एका नगरसेवकाला त्यातल्या सगळ्यात बारक्या पोराने "साहेब, तेवढं बूट काढा की ओ" म्हणून खाली उतरवलं. त्याच्यासाठी मी वेगळे गुण द्यायला तयार आहे.

स्कोअरबोर्डही चांगले. लाल-निळे आकडे लांबून दिसतात. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद, निष्क्रिय मल्लाला बजावल्यावर चालणारं ३० सेकंदांचं वेगळं घड्याळ, सगळं व्यवस्थित. १० गुणांची आघाडी झाली की बोर्ड आपोआप थांबतो आणि तांत्रिक श्रेष्ठता, म्हणजे तिथेच विजय, दाखवतो. गुण बरोबरीत सुटले तर कोणाचा डाव मोठा, कोणाला ताकीद कमी, शेवटचा गुण कोणाचा, हा क्रम त्याला पाठ आहे. दुपारी वीज गेली, बोर्ड चालूच राहिले. त्यांचा यूपीएस आमच्या कॉलेजच्या जनरेटरपेक्षा विश्वासाचा निघाला, हे आमच्या प्राचार्यांना आवडणार नाही.

इथपर्यंत तक्रार नाही. आता रिप्ले.

जाहिरातीत "आंतरराष्ट्रीय दर्जाची चॅलेंज सिस्टिम" असं लिहिलं आहे. चॅलेंज म्हणजे काय ते नवख्यांसाठी सांगतो. पंचाचा निर्णय पटला नाही की कोपऱ्यातला प्रशिक्षक एक स्पंजचा ठोकळा किंवा मऊ खेळणं गादीवर टाकतो. मग चित्रण बघून निर्णय होतो. चॅलेंज फसलं तर समोरच्याला १ गुण मिळतो, त्यामुळे उगाच कोणी टाकत नाही. पॅकेजमध्ये स्पंज दोन मिळतात, लाल आणि निळा. कॅमेरा मात्र एकच.

एकच कॅमेरा, तोही आमच्या टेबलाच्या बाजूला, बाकड्याएवढ्या उंचीवर तिकाटण्यावर बसवलेला. चित्र स्वच्छ आहे, एकेक फ्रेम पुढे-मागे करता येते, बोटांची नखं दिसतील इतकं मोठं करता येतं. पहिल्या दिवशी पट काढताना (समोरच्याचा पाय धरून पाडताना) पाय आधी बाहेर गेला की ताबा आधी मिळाला, असले दोन वाद त्याने मिनिटभरात मिटवले. पंचही खूश, प्रशिक्षकही खूश. मग ७४ किलोचा अंतिम सामना आला.

आमचा मल्ल सत्तरीचा, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. ताकदवान आहे पण डोकं धरायची त्याला वाईट सवय. समोरचा खाली वाकला रे वाकला की हा वरून मान कवटाळतो. यात नियम असा: डोकं धरायचं तर त्याबरोबर समोरच्याचा एक हातही कवेत असला पाहिजे. नुसती मान आवळली की पकड बेकायदेशीर, कारण मग दाब सरळ गळ्यावर येतो. बोटं मुरगळणं, कोपर ९० अंशांच्या पलीकडे पिळणं, पायांची कैची करून डोकं किंवा धड आवळणं, हे त्याच यादीतले. अशी पकड धरली की ती रद्द होते, ताकीद मिळते, समोरच्याला गुण मिळतो. एका कुस्तीत तीन ताकिदी झाल्या की कुस्ती संपली, मग गुणफलक काहीही सांगो.

याला पहिली ताकीद बोटांवरून मिळाली, दुसरी गादीबाहेर पळाल्यावरून. दोन्ही योग्य, आमच्या क्रीडाशिक्षकांनाही मान्य. ६-४ ने पुढे असताना त्याने मान धरली, पंचाने शिट्टी मारली आणि तिसऱ्या ताकिदीची खूण केली. आमच्या कोपऱ्यातून स्पंज आला. पोर गादीवरूनच ओरडत होता, "सर, ताचो हात भितर आसलो!" (त्याचा हात आत होता!)

मॅट चेअरमननी, म्हणजे त्या गादीच्या पंचांच्या प्रमुखांनी, रिप्ले मागवला. पडद्यावर आमच्या पोराचे पंजे समोरच्याच्या हनुवटीखाली गुंफलेले स्पष्ट दिसतात. समोरच्याचा उजवा हात गादीवर टेकलेला. आणि डावा हात? तिथे पंचाची पाठ. नियमाप्रमाणे पंच जवळ जाऊन वाकून बघत होते, जिथे उभं राहायला हवं तिथेच उभे होते, आणि तेच नेमके कॅमेऱ्याच्या आड आले. फ्रेम पुढे घ्या, मागे घ्या, पाठच. चित्रणातून काही सिद्ध होत नसेल तर मूळ निर्णय राहतो. तो राहिला. पोर बाद, सुवर्णाचं रौप्य झालं.

आता गंमत बघा. वरच्या गॅलरीतून कुठल्यातरी मुलीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्यांकडे पोचला. त्यात दिसतं की पकड घेतली तेव्हा समोरच्याचा डावा हात आत होता. दोघे फिरले तसा तो सुटून बाहेर आला, आणि शिट्टी वाजली तेव्हा मान एकटीच होती. म्हणजे आमचं पोर खोटं बोलत नव्हतं आणि पंचही चुकले नव्हते. पकड कायदेशीर सुरू झाली आणि वाटेत बेकायदेशीर झाली. वाद उरतो तो एवढाच, की पकड सोडवायला त्याला वेळ मिळाला का. याचं उत्तर दोन कॅमेरे असते तर त्याच जागी मिळालं असतं. गॅलरीतला मोबाइल पुरावा म्हणून चालत नाही आणि चालूही नये, नाहीतर प्रत्येक कुस्तीनंतर अख्खी गॅलरी टेबलावर येईल.

हे मी पोराची बाजू घेऊन लिहितोय असं वाटेल. तसं नाही. टोकियो ऑलिम्पिकची २०२१ मधली ५७ किलोची उपांत्य कुस्ती आठवा. रवी दहिया समोरच्याला चीत करत होता आणि त्या कझाक मल्लाने त्याचा दंड कडकडून चावला. चावणं कुठल्याही नियमात बसत नाही. पण दहियाने पकड सोडली नाही, कुस्ती चितपट झाली, आणि दाताचे वळ सगळ्यांनी नंतर फोटोत बघितले. ऑलिम्पिकमध्ये असं होत असेल तर आमच्या हॉलमधल्या एका तिकाटण्याने काय करावं? आणि पंचाचा निर्णय पटला नाही म्हणून माणसं कुठवर जातात ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत सगळ्यांनी बघितलं. खांदे टेकले की नाही यावरून एका माजी महाराष्ट्र केसरीने पंचाला लाथ मारली, आणि तीन वर्षांची बंदी आली. म्हणून म्हणतो, रिप्ले ही चैन नाही. पण विकताना "आंतरराष्ट्रीय दर्जा" म्हणायचं आणि एका बाजूनेच बघायचं, हे बरोबर नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. सांघिक गुण.

शेवटची कुस्ती संपली आणि मोठ्या पडद्यावर तक्ता झळकला. फोंड्याकडचं एक कॉलेज १०६, आम्ही १००.५. त्यांच्या पोरांनी त्यांच्या सरांना खांद्यावर घेतलं. आमच्या बाजूला शांतता. मी बघत होतो त्या अर्ध्या गुणाकडे. कुस्तीत अर्धा गुण आला कुठून?

आमच्या पत्रकात गुणपद्धती छापलेली होती, जागतिक कुस्ती संघटनेची सध्याची: पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, दोन्ही कांस्यांना प्रत्येकी १५, मग १०, १०, ८, ६, ४, २. यातले कुठलेही आकडे कसेही मिळवा, अर्धा येत नाही. पत्रकात आणखी एक गोष्ट लिहिली होती. नियमाप्रमाणे गटात ६ पेक्षा कमी मल्ल असले की सगळ्यांच्या सगळ्यांशी कुस्त्या लावायच्या असतात. एका गादीवर ते जमणार नव्हतं, म्हणून सरळ बाद पद्धत आणि उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य. सगळ्या कॉलेजांच्या सह्या त्या पत्रकावर आहेत.

मी कागदावर खतावणी ठेवतोच. आमची २ सुवर्णं, ४ रौप्यं, १ कांस्य: ५० अधिक ८० अधिक १५, एकूण १४५. त्यांची ४ सुवर्णं, १ रौप्य, १ कांस्य: १०० अधिक २० अधिक १५, एकूण १३५. म्हणजे १० गुणांनी आम्ही पुढे. आणि पडद्यावर साडेपाच गुणांनी मागे.

टॅबलेटवाल्या पोराला बाजूला घेतलं. सेटिंग उघडून दाखव म्हटलं. "स्टाइल" समोर फ्रीस्टाइल, बरोबर. खाली "टीम स्कोअरिंग" नावाची पट्टी, तिच्यात तीन पर्याय: इंटरनॅशनल, कॉलेज, ड्युअल. त्याने "कॉलेज" निवडलं होतं. आम्ही कॉलेजच ना! त्याला काय दोष द्यायचा? सॉफ्टवेअर ज्याने बनवलं त्याच्या लेखी कॉलेज म्हणजे अमेरिकेतलं कॉलेज, हे त्या पोराला कोणी सांगितलं होतं?

तो अमेरिकन तक्ता मी नंतर बसून नीट समजून घेतला, आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडला. तिथे एनसीएए नावाची संस्था विद्यापीठांच्या स्पर्धा घेते. वरच्या विभागाच्या अजिंक्यपदाला १० वजनगट, प्रत्येकात ३३ मल्ल, तीन दिवस. कुस्तीही वेगळी, तिला ते फोकस्टाइल म्हणतात. समोरच्याला खाली दाबून ताब्यात ठेवल्याच्या वेळेचाही तिथे गुण मिळतो. सांघिक गुण तीन खिशांतून येतात. एक खिसा क्रमांकाचा: १६, १२, १०, ९, ७, ६, ४, ३. दुसरा आगेकुचीचा: मुख्य फेरीत पुढे गेलं की १, हरलेल्यांच्या फेरीत पुढे गेलं की अर्धा. तिसरा खिसा विजय कसा मिळवला त्याचा: चितपट केलं, किंवा समोरचा बाद झाला, जखमी होऊन थांबला, आलाच नाही, तर २. तांत्रिक श्रेष्ठता, जी तिथे १५ गुणांच्या फरकाने मिळते, तिला दीड. ८ ते १४ च्या फरकाने मोठा विजय, त्याला १. नुसत्या गुणांवर जिंकलात तर या खिशात काही नाही.

म्हणजे एखादा मल्ल पाचच्या पाच कुस्त्या चितपट करून विजेता झाला तर तो एकटा संघाला ३० गुण आणतो: क्रमांकाचे १६, आगेकुचीचे ४, चितपटांचे १०. दुसरा तसाच पाच कुस्त्या रखडत, एकेका गुणाने जिंकून विजेता झाला तर २०. दोघांच्या गळ्यात पदक तेच, पण संघाच्या खात्यात १० गुणांचा फरक. आयोवा विद्यापीठाने १९९७ मध्ये १७० गुण केले होते, तो विक्रम पेन स्टेटने २०२४ मध्ये १७२.५ करून मोडला. २०२५ मध्ये त्यांनी १७७ केले आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या नेब्रास्काचे ११७ होते. नुसते विजेते मिळवून एवढी आघाडी होत नाही. त्यांची पोरं पुढे असली तरी कुस्ती धरून ठेवत नाहीत, चीत करायला जातात, कारण प्रत्येक चितपटीचे २ गुण संघाला लागतात.

आता हाच तक्ता आमच्या निकालाला लावून बघा, म्हणजे १०६ आणि १००.५ कुठून आले ते कळेल. आमचे क्रमांकाचे गुण ८९. ते ९० हवे होते, पण सॉफ्टवेअरला दोन कांस्यं ठाऊकच नाहीत. त्याने भाग्यपत्रिकेत (लढतींच्या ड्रॉमध्ये) वर असलेल्याला तिसरा आणि खाली असलेल्याला चौथा ठरवलं, आमचं पोर चौथं झालं. आगेकुचीचे ६. विजयाच्या प्रकाराचे फक्त साडेपाच, कारण आमच्या पोरांनी दोनच कुस्त्या चितपट केल्या आणि एक तांत्रिक श्रेष्ठतेवर. बाकी सगळ्या गुणांवर, घड्याळाकडे बघत. त्यांचे क्रमांकाचे ८६, आगेकुचीचे ५, आणि विजयाच्या प्रकाराचे तब्बल १५. पाच चितपट, दोन तांत्रिक, आणि उरलेले २ गुण कुठले? आमच्या ७४ किलोवाल्याला बाद केलं, त्याचे. पंचाच्या पाठीआड लपलेल्या त्या डाव्या हाताची किंमत अशी सांघिक तक्त्यापर्यंत पोचली. अर्थात ते २ काढले तरी १०४ राहतात, आम्ही खालीच. उगाच त्या पोरावर कोणी खापर फोडू नये म्हणून आकडा देतोय.

बेकायदेशीर पकडीवरून तिकडे एवढी हमरीतुमरी का होते तेही यातून कळतं. तिथे दंडाची चढण अशी: पहिल्या पकडीला १ गुण, दुसरीला १, तिसरीला २, चौथीला बाद. बाद केलं की समोरच्या संघाला चितपटीएवढे गुण. दोन संघांच्या थेट लढतीत तर चितपट किंवा बाद म्हणजे थेट ६ आणि साधा विजय ३. शिवाय त्यांच्याकडे एक मधली पायरी आहे, ती मला शहाणपणाची वाटली. पकड कायदेशीर आहे पण वळता वळता धोक्याची झाली, तर पंच नुसती कुस्ती थांबवतो, दंड नाही. आमचं सत्तरीचं पोर त्या पायरीवर बसलं असतं का? सांगता येत नाही. हात सुटल्यावर मान एकटी राहिली, आणि नुसती मान तिथेही चालत नाही. पण निदान चर्चेला जागा होती.

हॉलमध्ये काय झालं ते थोडक्यात. पत्रक काढलं, मुख्य पंचांनी वाचलं, फोंड्याच्या सरांनी वाचलं. ते गृहस्थ सज्जन. म्हणाले, "पत्रकांत आसा तें मान्य. पण आमच्या भुरग्यांक कितें सांगूं?" (आमच्या पोरांना काय सांगू?) याला उत्तर नव्हतं. चषक आमच्याकडे आला. टाळ्या बेताच्या पडल्या. आमच्याच पोरांनी नीट उचलला नाही.

मी सांगितलेलं कोणी कॉलेजात वाचणार असेल तर वाचू दे: कुस्ती फोंड्याच्या पोरांनी चांगली केली. जिंकलेल्या कुस्त्यांपैकी बहुतेक त्यांनी पाडून जिंकल्या. मामाच्या गावच्या मैदानात पाठ लागल्याशिवाय कुस्ती झाली असं कोणी म्हणत नसे. तासभर झोंबून बरोबरीत सोडवली तर लोक माती झटकून घरी जायचे. सात समुद्रांपलीकडचा तक्ता त्या मातीच्या जास्त जवळ आहे, आणि आमचा २५-२०-१५ वाला तक्ता १-० आणि चितपट एकाच तराजूत घालतो. त्यात प्रत्येक कुस्तीचे वर्गीकरण गुण असतात, चितपटीला ५, तांत्रिकला ४, गुणांवर ३, पण ते संघाच्या खात्यात जात नाहीत. पुढच्या पत्रकात विजयाच्या प्रकाराला गुण द्यावेत असं मी समितीला सुचवलं आहे. आमचे क्रीडाशिक्षक त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात.

पण आधी जाहीर केलेला तक्ता एक आणि मोजायचा दुसरा, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. इथे एजन्सीच्या तीन गोष्टी मला खटकल्या.

एक तर सांघिक गुणांचा तक्ता ते पहिल्या कुस्तीआधी पडद्यावर दाखवतच नाहीत. दुसरं, "स्पर्धा समाप्त" दाबलं की सॉफ्टवेअर कुलूप लावतं. मग सेटिंग बदलता येत नाही, त्यांच्या हेड ऑफिसातून कुलूप उघडावं लागतं, आणि रविवारी संध्याकाळी तिथे फोन कोणी उचलत नाही. तिसरं सगळ्यात वाईट. समाप्त दाबताक्षणी विजेत्यांची प्रमाणपत्रं आपोआप छापायला लागतात, सगळ्या कॉलेजांना ईमेल जातो आणि वर्तमानपत्रांसाठी एक तयार बातमीही सुटते. आम्ही हॉलमध्ये पत्रक वाचत होतो तेव्हा फोंड्याच्या कॉलेजचं अभिनंदन बाहेर पडलेलं होतं. सोमवारी सकाळी एका दैनिकात ते विजेते, आम्ही उपविजेते. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, आतल्या पानावर, टेंडर नोटिशीच्या खाली. त्यांच्या कॉलेजच्या फलकावर जुनं कात्रण अजून आहे असं ऐकतो. असू दे.

तक्रारीवर उत्तर मात्र लवकर आलं. मालकांनी स्वतः फोन केला, आडवेतिडवे फाटे न फोडता मान्य केलं, रद्द प्रमाणपत्रांच्या छपाईचे पैसे बिलातून कापले, आणि अनामत रक्कम आठवड्यात परत केली. त्या टॅबलेटवाल्या पोराला कामावरून काढू नका, एवढं मी बजावून सांगितलं. तो अजून आहे.

कोणाला हे पॅकेज घ्यायचं असेल तर घ्या. गादी आणि बोर्ड यांत आमच्या भागात याच्या तोडीचं मी बघितलेलं नाही. मात्र बुकिंग करतानाच तुमचं पत्रक त्यांना पाठवा, आणि सांघिक गुणांचा तक्ता त्यांच्या सहीने परत मागवा. दोन कांस्यं असतील तर तसं स्पष्ट लिहा. स्पर्धेच्या सकाळी एक खोटी स्पर्धा भरून बघा, चार नावं टाका, निकाल भरा, आणि पडद्यावर येणारा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळतो का ते तपासा. दहा मिनिटांचं काम आहे. आपोआप जाणारे ईमेल आणि बातमी बंद करून घ्या. कॅमेरे दोन लावा, समोरासमोर, आणि एक तरी उंचावर. टेबलावर कागदी खतावणी ठेवणारा एक माणूस बसवा. अकाउंटन्सीचाच हवा असं नाही, पण अर्ध्या गुणाला दचकणारा हवा.

पाचपैकी साडेतीन.

पुढच्या हंगामाचं त्यांचं कोटेशन आलं आहे. तक्त्यावर सही करायला तयार आहेत, कुलूप आमच्या मुख्य पंचांच्या हातात देणार आहेत. दुसऱ्या कॅमेऱ्याचे मात्र साडेतीन हजार जास्त लावलेत आणि घाटातून ट्रकचं भाडंही वाढवलंय. कॅमेऱ्याचं मी मान्य करणार आहे, ट्रकवर घासाघीस चालू आहे.